घाईच्या मोत्याला पाणी नसते

नरकचतुर्दशीच्या पहाटे महाराष्ट्रातल्या घराघरांत उटण्याच्या वाटीशेजारी मोती साबणाची गोल वडी येऊन बसते. त्या वडीत मोती नसतो हे लहान पोरालाही ठाऊक असते आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. पण सणाच्या साबणाला नाव द्यायचे तर ते सोन्याचे नाही, हिऱ्याचे नाही, मोत्याचेच, आणि तेच मराठी घरांनी पिढ्यानपिढ्या उराशी धरले, यात आपल्या मनाची एक खूण आहे. आपली नथ मोत्यांची, तन्मणी मोत्यांचा, कुडी आणि चिंचपेटीही मोत्यांची. दागिना जुना झाला की आजी तो उजेडात धरते आणि म्हणते, ‘पाणी अजून गेलेले नाही हो!’ मोत्याच्या तेजाला ‘पाणी’ म्हणणारी आपली भाषा मोठी जाणती आहे. आज मला जे भांडण भांडायचे आहे ते या पाण्यावरूनच आहे.

मी कळंबोलीस राहतो. लोखंड-पोलादाचा बाजार, मालमोटारींच्या रांगा आणि पुण्याकडे धावणारा द्रुतगती मार्ग यांच्या शेजारी वसलेले हे गाव. मोत्याशी त्याचा संबंध काय, असे वाचकांनी विचारले तर नवल नाही. मीही तेच म्हणत होतो. पण अलीकडे रिक्षाथांब्याजवळच्या भिंतीवर ‘गच्चीवर मोती पिकवा’ अशा जाहिराती चिकटू लागल्या आहेत आणि त्यांखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते : ‘निवडक पैदाशीचे, जलद वाढीचे शिंपले मिळतील.’ मोत्याच्या शेतीला माझा विरोध नाही. निवडक पैदाशीला तर मुळीच नाही. माझे भांडण आहे ते ‘जलद’ या एका शब्दाशी.

आधी थोडी माहिती सांगतो. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही आपली जुनी समजूत. सूर्य स्वाती नक्षत्रात येतो तो बहुधा दिवाळीच्याच सुमारास, ही त्यातली आणखी एक मौज. प्रत्यक्षात शिंपल्याच्या मऊ अंगात काही खुपले, त्याच्या कवच घडवणाऱ्या त्वचेचा कण आत अडकला, की त्याभोवती तो चकाकीचे थर चढवीत बसतो. जपानात मिकिमोतो याने १८९३ साली माणसाच्या हाताने अर्धगोल मोती घडवून दाखवला आणि पुढे जपान्यांनी पूर्ण गोल मोतीही साधला. त्याची रीत अशी : अमेरिकेच्या मिसिसिपी नदीतल्या शिंपल्याच्या कवचातून गोल मणी कातून घ्यायचा, दुसऱ्या एका शिंपल्याच्या त्वचेचा चिमुकला तुकडा कापायचा, आणि दोन्ही एका जिवंत शिंपल्याच्या पोटात शस्त्रक्रियेने ठेवायची. आपल्याकडे तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली असा मोती मिळवला आणि १९८१ साली समुद्री शिंपल्याची पिले टाक्यांतून वाढवण्यात यश मिळवले. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचे काम भुवनेश्वरच्या संस्थेत १९८७ पासून सुरू झाले. गच्चीवरच्या जाहिराती या गोड्या पाण्याच्या विद्येवर उभ्या आहेत.

आता ‘निवडक पैदास’ म्हणजे काय? शंभरांतून चांगले दहा निवडायचे, त्यांची संतती वाढवायची, तीतून पुन्हा चांगली दहा निवडायची. यात अघोरी असे काही नाही. आपल्या शेतकऱ्याची बायको बियाण्यासाठी टपोरे कणीस बाजूला काढून दाराच्या चौकटीला टांगते, ती हेच करीत असते. मालदांडी जोंधळा घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३० नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडीतून जे वाण निवडले गेले, तेच आज जवळजवळ नव्वद वर्षांनी तुमच्या ताटातल्या भाकरीत आहे. माशांत ‘जयंती’ रोहू घ्या. भुवनेश्वरच्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेच्या तज्ज्ञांच्या साह्याने १९९२ साली काम हाती घेतले. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांतले रोहू त्यांनी एकत्र आणले, म्हणजे एकाच घराण्यात लग्ने लागून वंश खुरटू नये. प्रत्येक पिढीत सतरा टक्क्यांच्या आसपास वाढ साधत गेली आणि स्वातंत्र्याच्या सुवर्णजयंतीच्या वर्षी, १९९७ साली, तो मासा शेततळ्यांत आला. तेव्हा जलद वाढीच्या पैदाशीला मी नाके मुरडतो असे कोणी समजू नये. रोहू खायचा असतो. तो लवकर वाढला तर गरिबाचे पोट लवकर भरेल. त्यात वाईट काय आहे?

पण मोती खायचा नसतो, आणि इथेच सारा फरक पडतो.

कशाची निवड करायची, हा या विद्येतला पहिला प्रश्न आहे आणि तो शास्त्राचा नसून शहाणपणाचा आहे. १९६४ साली संकरित ज्वारी आली. पीक दणदणीत आले, गोदामे भरली. त्या दिवसांत देशाला धान्य हवेच होते, म्हणून त्या वाणाचे उपकार मी नाकारणार नाही. पण गावोगावच्या शेतकऱ्याने काय केले? ‘हायब्रीड’ विकली आणि घरी मालदांडीची भाकरी खाल्ली. एकाची निवड पोत्यांच्या संख्येसाठी झाली होती, दुसऱ्याची भाकरीच्या चवीसाठी, कडब्यासाठी आणि कोरड्या रब्बीत तग धरण्यासाठी. स्वाती पडल्या तर मोती पिकतील असे आपला कुणबी म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातले मोती म्हणजे हे जोंधळ्याचे दाणे असतात. निवड दोन्हीकडे झाली. पण कोणी काय निवडले यावरून पुढच्या साठ वर्षांचे ताट ठरले.

मोत्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच नाजूक आहे. कारण मोत्याची आई एक आणि दाई दुसरी. ज्या शिंपल्याच्या त्वचेचा तुकडा घेतला तो आई. चकाकीचे थर चढवणाऱ्या पेशी तिच्या, म्हणून रंग आणि झळाळी पुष्कळशी तिच्याकडून येते. ज्याच्या पोटात मणी ठेवला तो दाईचे काम करतो; तो खातो, पितो आणि मोत्याला पोसतो. जलद वाढीची पैदास म्हणून जी विकली जाते ती बहुधा या दाईची असते. दाई लवकर दणकट झाली तर शस्त्रक्रिया लवकर करता येईल, मोठा मणी ठेवता येईल. इथपर्यंतचे म्हणणे मी मान्य करतो. पण घाईची सवय मोठी चिवट असते. शिंपला लवकर वाढला की मणी लवकर घालावासा वाटतो, आणि लवकर घातलेला मणी लवकर काढावासा वाटतो. मधल्या काळात जे घडायला हवे होते ते घडतच नाही.

काय घडायला हवे असते? मोत्याची झळाळी एखाद्या मुलाम्याने येत नाही. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या चुन्याच्या पातळ चकत्या, विटेवर वीट ठेवावी तशा, एकावर एक बसत जातात. अर्धा मिलिमीटर जाडीचा लेप म्हणजे असे सुमारे हजार थर. त्या थरांतून प्रकाश आत जातो, परततो आणि आपण म्हणतो, पाणी आहे. थर जितके पातळ आणि एकसारखे, तितके पाणी चांगले. म्हणून जपानी मोतीवाले शिंपले उघडतात ते ऐन थंडीत. पाणी गार झाले की शिंपल्याचे काम मंदावते आणि शेवटचे थर पातळ, नितळ बसतात. हे ध्यानात घ्या : ज्या ऋतूत शिंपला सर्वांत सावकाश काम करतो, त्या ऋतूतला हात मोत्यावर शेवटी फिरावा म्हणून ते वाट पाहतात. आणि आमच्या भिंतीवरची जाहिरात त्याच शिंपल्याला पळवायला निघाली आहे!

या घाईमागचा लोभ समजण्यासारखा आहे. मुंबई एके काळी इराणच्या आखातातून येणाऱ्या मोत्यांची मोठी पेठ होती. आपण ज्याला बसऱ्याचा मोती म्हणतो तो इथेच निवडला जाई, विंधला जाई. त्या बाजारात ‘चव’ नावाचे माप चाले. त्याप्रमाणे मोत्याचे मोल वजनाच्या पटीने वाढत नसे, वजनाच्या वर्गाने वाढे. दुप्पट वजनाचा मोती दुप्पट किमतीचा नव्हे, चौपट किमतीचा! मोठ्या मोत्याची हाव तेव्हापासूनची आहे. पण तो मोती अंतर्बाह्य मोती होता. आजच्या मोत्यात मोठा मणी आत आणि वर कांद्याच्या पापुद्र्यासारखा लेप, असे सहज करता येते. वजन भरते, पाणी भरत नाही.

हे काही माझे कल्पनेतले भय नव्हे. जपानात ते घडून गेले आहे. युद्धानंतर तिथल्या मोत्यांना अमेरिकेत तुफान मागणी आली. खाडीखाडीतून तराफे इतके दाटले की शिंपल्यांना खायला पुरेना. पूर्वी दोन-तीन वर्षे पाण्यात राहणारा शिंपला वर्षभराच्या आत बाहेर येऊ लागला. १९६६ साली उत्पादन सव्वाशे टनांच्या आसपास गेले, आणि लगेच १९६७ साली बाजार कोसळला. माल उदंड आणि लेप पातळ. गिऱ्हाईक काय मूर्ख होते? कितीतरी मोतीवाल्यांना धंदा सोडावा लागला. चीनने पुढे गोड्या पाण्यात हीच वाट चोखाळली. या शतकाच्या आरंभी तिथले उत्पादन वर्षाला हजार टनांच्या वर गेले, मोती किलोच्या भावाने विकला जाऊ लागला, आणि तळ्यांत ओतलेल्या खतांनी पाणी नासले म्हणून काही ठिकाणी मोत्याची शेतीच बंद करावी लागली.

जपान्यांची पुढची गोष्ट मात्र आपण शिकावी अशी आहे. १९९४ च्या सुमारास त्यांच्या शिंपल्यांत एक रोग शिरला. शिंपल्याचे मांस लालसर पडे आणि तो मरे. १९९६ साली तर खाड्यांच्या खाड्या ओस पडल्या. काही वर्षांत उत्पादन निम्म्याखाली आले. तेव्हा तिथल्या मिए प्रांतातल्या संशोधकांनी पैदाशीसाठी शिंपला निवडताना एक साधी गोष्ट मोजायला घेतली : शिंपला आपले तोंड किती जोराने मिटून धरतो? ज्याची मिटण्याची ताकद अधिक, तो प्रकृतीने धडधाकट. त्याच्या संततीत मृत्यू कमी. किती लवकर वाढतो याआधी त्यांनी किती घट्ट तग धरतो हे पाहिले. निवडक पैदास ही अशी असते. ठेच लागल्यावर का होईना, शहाणपणाने प्रश्न विचारलेली.

इथे एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. कोणी म्हणेल, ‘तुम्हांला नथीच्या पाण्याचे कौतुक आहे. ज्याने कर्ज काढून टाकी बांधली त्याला दीड-दोन वर्षे थांबणे परवडत नाही. श्रीमंताने धीर धरावा, गरिबाने कसा धरावा?’ याचे उत्तर मी साध्या हिशेबाने देतो. समजा, एका माणसाने शंभर शिंपल्यांत मणी घातले. जलद जातीचे शिंपले सहा महिने आधी तयार झाले, पण त्यांतले साठ मेले. सावकाश जातीचे उशिरा तयार झाले, पण तीसच मेले. एकाच्या हाती चाळीस उरले, दुसऱ्याच्या सत्तर. त्यातही मोत्याच्या धंद्याचा नियम असा की सगळे मोती सारखे निघत नाहीत. थोडे उत्तम निघतात आणि बहुतेक उत्पन्न त्या थोड्यांवर येते. सत्तरांत उत्तम मोती निघण्याचा संभव अधिक की चाळिसांत? गरिबाला वेगापेक्षा जगण्याची हमी हवी असते. शिंपल्याचेही तसेच आहे.

आणि मुळात, ही ‘निवडक पैदास’ विकली जाते ती खरोखर पैदास तरी आहे का? गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचे बालपण विलक्षण असते. त्याची सूक्ष्म पिले आईपासून सुटली की माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, तिथे काही काळ बांडगुळासारखी राहतात आणि मग तळाशी गळून पडतात. मासा मिळाला नाही तर पिले मरतात. तेव्हा ही जात बंदिस्त टाकीत पिढ्यानपिढ्या वाढवणे हे मोठ्या कौशल्याचे काम आहे. आपल्याकडचे बहुतेक मोतीवाले शिंपले नदीतून, तलावातून गोळा करूनच आणतात. जो शिंपला काल गाळातून उपसला, त्याची निवड कोणी केली? कोणत्या पिढीत केली? फार तर त्यातल्या त्यात मोठा दिसला तो उचलला. मोठा म्हणजे जलद वाढलेला असे थोडेच आहे? तो नुसता वयाने म्हातारा असेल! शिवाय नदीतले मोठे शिंपले उपसून नेले तर मागे राहतात ते खुरटे. ही तर उलटी निवड झाली.

आमच्याच इमारतीतला एक तरुण या जाळ्यात सापडला. नोकरी गेलेली, हाती थोडे पैसे. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले, गच्चीवर टाक्या मांडल्या आणि ‘दुप्पट वेगाने वाढणारे’ पाचशे शिंपले आणले. तीन महिन्यांत गच्चीवर जाण्याची सोय उरली नाही, अशी दुर्गंधी सुटली. त्याच्या सांगण्यावरून मी त्या विक्रेत्या गृहस्थांना दूरध्वनी केला आणि विचारले, ‘यांची किती पिढ्यांची निवड झाली आहे? मूळ जोड्या कुठल्या पाण्यातल्या?’ पलीकडून उत्तर आले, ‘काका, गॅरंटी आहे!’ कसली गॅरंटी, हे मात्र शेवटपर्यंत कळले नाही. पोराचे पैसे गेले ते गेलेच. पण ‘आपल्यालाच जमले नाही’ असे मानून तो खाली मान घालून वावरतो, याचा मला अधिक संताप येतो. शिंपले त्याच्या आळसाने मेले नाहीत. त्याला जे विकले गेले ते शास्त्राचे नाव लावलेले अज्ञान होते.

आता आमच्या गावच्या पाण्याविषयी. कळंबोलीच्या पाठीशी तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथले पाणी कासाडी नदीतून पनवेलच्या खाडीकडे येते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळी कुत्री फिरताना दिसली. कारखान्यातून बाहेर पडलेल्या रंगाने त्यांचे अंग निळे झाले होते. साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांनी ती छायाचित्रे छापली. कुत्र्याचा रंग डोळ्यांना दिसला म्हणून बातमी झाली. शिंपल्याचे तसे नसते. तो तासाला काही लिटर पाणी आपल्या अंगातून गाळून काढतो आणि पाण्यात जे असेल ते पोटात साठवतो. जो शिंपला अधिक जलद वाढणार तो अधिक खाणार, म्हणजे अधिक पाणी गाळणार, म्हणजे तेच विष अधिक वेगाने आत घेणार. या खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांना तिसऱ्या, कालवे, निवट्या आणि जिताडा यांनी पोसले. त्या बायकांना विचारा : शिंपला हळू वाढतो ही त्यांची तक्रार कधीच नव्हती. चिखलात हात घातला तर शिंपला सापडत नाही आणि सापडला तर त्याला रॉकेलसारखा वास येतो, ही त्यांची तक्रार आहे. तिच्यावर कोणत्याही पैदाशीचे औषध नाही.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. शासनाने मोत्याच्या शेतीला अनुदान देताना पहिली अट घालावी ती शिंपल्याच्या वंशावळीच्या कागदाची. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव लागते, कोंबडीच्या पिलाचीही जात सांगावी लागते. मग शिंपलाच बेनामी का? वर्सोव्याला १९६१ पासून मात्स्यिकी शिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, भुवनेश्वर आणि तुतिकोरिनला अनुभवी माणसे आहेत. त्यांना पैसा द्यावा आणि दहा-पंधरा वर्षांचा अवधी द्यावा. त्यांनी आपल्या नद्यांतले शिंपले जयंती रोहूसारखे अनेक पाण्यांतून गोळा करावेत आणि निवड करावी ती अशा क्रमाने : आधी जगण्याची, मग झळाळीची, आणि वाढीची सर्वांत शेवटी. तोवर भिंतीवरच्या जाहिरातीला भुलून कोणी घरातले सोने गहाण टाकू नये. विकणाऱ्याला निदान तीन प्रश्न विचारावेत : हे शिंपले टाकीत जन्मले की नदीतून आणले? किती पिढ्या निवडले? शस्त्रक्रियेनंतर शंभरांतले किती जगले, आणि ते कोणी मोजले? उत्तर ‘गॅरंटी आहे’ असे आले तर फोन खाली ठेवावा.

आणि या पाडव्याला कोणी मोत्याची कुडी किंवा माळ घ्यायला निघाला असेल, तर दुकानात मोती दातावर हलकेच घासून पाहावा. खरा असेल तर किंचित खरखरीत लागेल, काचेचा असेल तर गुळगुळीत. मग तो दिव्यासमोर सावकाश फिरवावा. फिरवताना आतल्या मण्याचे पट्टे उमटून नाहीसे होताना दिसले, तर समजावे की लेप पापुद्र्याएवढा आहे आणि कोणीतरी कुठेतरी शिंपल्याला घाई केली आहे. तो मोती परत द्यावा. दुकानदार रागावेल. रागावू द्यावे. गिऱ्हाईक जोवर पातळ मोती मुकाट्याने घेत राहील, तोवर शिंपल्याला पळवणारे थांबणार नाहीत, आणि कासाडीच्या पाण्याकडेही कोणी वळून पाहणार नाही.